जादू कमी, डोकं जास्त: टेरी प्रॅचेट यांची 'विअर्ड सिस्टर्स'

चेटकिणींवरच्या विनोदी कादंबऱ्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात. लेखक पात्रांना अफाट शक्ती देतो आणि अडचण आली की तीच शक्ती पुढे करून मोकळा होतो. ज्याला काहीही करता येतं त्याची फजिती होत नाही, आणि फजिती नसेल तिथे विनोद पन्नास पानांच्या पुढे तग धरत नाही. टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांची १९८८ साली आलेली 'विअर्ड सिस्टर्स' या खड्ड्यात पडत नाही, कारण तिच्यातल्या प्रत्येक शक्तीला अट आहे, किंमत आहे आणि वापरणाऱ्याचा स्वभाव चिकटलेला आहे. या प्रकारातलं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं असा प्रश्न असेल, तर उत्तर हेच पुस्तक. त्यात दोषही आहेत आणि ते पुढे येतीलच.

आधी पार्श्वभूमी. 'डिस्कवर्ल्ड' ही प्रॅचेट यांची ४१ कादंबऱ्यांची मालिका १९८३ साली सुरू झाली. जग चपटं, गोल. ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर. 'विअर्ड सिस्टर्स' हे मालिकेतलं सहावं पुस्तक, पण आधीची पाच वाचलेली नसली तरी काही अडत नाही. कासव, हत्ती आणि अंख-मॉरपोर्क नावाचं एक घाणेरडं, गजबजलेलं महानगर, एवढं माहीत असलं की पुरे. गोष्ट घडते रॅमटॉप पर्वतातल्या लँकर या चिमुकल्या, उभ्या चढणीच्या राज्यात.

ड्यूक फेल्मेट हा आपला चुलतभाऊ असलेल्या राजा व्हेरेन्सचा जिन्याच्या टोकावर खून करतो. मागे लावून देणारी बायको आहेच. राजाचा नोकर तान्हं बाळ आणि मुकुट घेऊन पळतो आणि माळरानावर बसलेल्या तीन चेटकिणींच्या हातात दोन्ही देऊन मरतो. आता या बाळाचं करायचं काय? चेटकिणी ते गावोगाव फिरणाऱ्या एका नाटकमंडळीच्या स्वाधीन करतात आणि मुकुट मंडळींच्या सामानात, खोट्या मुकुटांच्या गठ्ठ्यात टाकतात. खोटे मुकुट जास्त झगझगीत असल्यामुळे खरा तिथे कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पहिल्या काही पानांतली ही छोटीशी युक्ती नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचं अख्खं पुस्तक याच कल्पनेवर उभं आहे: रंगमंचावरचं खोटं खऱ्यापेक्षा जास्त खरं दिसतं.

आता त्या तिघी. ग्रॅनी वेदरवॅक्स म्हातारी, ताठ आणि कुणापुढे न वाकणारी. चेटकिणींना पुढारी नसतो, पण नसलेल्या पुढाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त मान तिचाच. नॅनी ऑग ही भल्यामोठ्या कुटुंबाची आजी. पिणारी, वाह्यात गाणी म्हणणारी, लेकरानातवंडांवर जीव टाकणारी आणि सुनांना धाकात ठेवणारी. तिचा एकडोळ्या बोका ग्रीबो अख्ख्या गावाचा कर्दनकाळ, पण तिच्या लेखी अजून मांडीवरचं पिल्लूच. तिसरी मॅग्रॅट गार्लिक. तरुण, पुस्तकांवर विश्वास ठेवणारी, चांदीचे ताईत आणि औषधी वनस्पती यांत रमणारी. चेटकिणींनी एकत्र जमून मंडळ भरवावं ही कल्पना तिचीच, आणि ग्रॅनीला ती मुळीच पसंत नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर वादळ, वीज, शेकोटी आणि घोगरा आवाज असा सगळा थाट जमवून आपण तिघी पुन्हा कधी भेटायचं असं विचारलं जातं, तेव्हा साध्या घरगुती आवाजात उत्तर येतं की पुढच्या मंगळवारी जमेल. हा विनोद फक्त शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींची फिरकी घेत नाही. मॅग्रॅटला विधी हवा आहे, नॅनीला सोय हवी आहे आणि ग्रॅनीला दोन्ही नकोत, हा तिघींमधला सगळा ताण त्यात आधीच आलेला असतो.

शक्तींकडे वळू, कारण पुस्तकाची खरी कारागिरी तिथे आहे.

ग्रॅनीचं मुख्य शस्त्र जादू नाहीच. ती त्याला हेडॉलॉजी म्हणते. माणूस जे आहे त्यावर चालत नाही, त्याला जे वाटतं त्यावर चालतो. म्हणून त्याला काय वाटावं हे ठरवलं की काम झालं. टोकदार काळी टोपी हे त्याचं साधन. टोपी घातलेल्या बाईला लोक आधी वाट देतात, मग विचार करतात. याचा कमकुवत दुवाही लेखक सोडत नाही: ही शक्ती लोकांच्या मनात आहे, म्हणजे लोकांचं मन फिरवता आलं तर ती आतून पोखरता येते. ड्यूक पुढे नेमकं तेच करतो.

ग्रॅनीची दुसरी शक्ती म्हणजे बॉरोइंग. शरीर खाटेवर निश्चल ठेवायचं आणि प्राण्याच्या मनात जाऊन बसायचं. याचे नियम १९८७ च्या 'इक्वल राइट्स'मध्ये सविस्तर येतात. प्राण्याला हाकायचं नाही, त्याच्या मनाच्या कडेला बसून बरोबर जायचं. फार वेळ राहिलं तर आपण कोण होतो हेच विसरायला होतं. त्या पुस्तकातली छोटी एस्क गरुडाच्या मनात जाऊन तशी हरवायला लागते. आणि मागे उरलेलं शरीर इतकं थंडगार असतं की लोक मेली समजून पुरायला निघतील. म्हणून पुढच्या एका पुस्तकात ग्रॅनी आपण मेलेलो नाही अशी चुकीच्या स्पेलिंगची पाटी हातात धरून झोपते. शक्ती, धोका आणि त्यावरचा घरगुती उपाय असे तिन्ही जुळले की विनोद वेगळा पेरावा लागत नाही.

मॅग्रॅटला बाकीच्या दोघी, आणि बऱ्याचदा वाचकही, कमी लेखतात. तिची शक्ती दिसते ती किल्ल्याच्या तळघरात. नॅनीला तिथे डांबलेलं असतं आणि दार जाडजूड लाकडाचं, वर्षानुवर्षं वाळलेलं. मॅग्रॅट दार फोडत नाही. आपण कधीकाळी झाड होतो हे ती त्या लाकडाला आठवायला लावते, आणि दाराला पालवी फुटते, मुळं दगडात घुसतात. तिचं सगळं ज्ञान झाडपाल्याचं, म्हणून तिचा पराक्रमही झाडपाल्याचाच. पात्राच्या स्वभावातून शक्ती निघाली पाहिजे असं कल्पनारम्य साहित्य लिहिणाऱ्यांना नेहमी सांगितलं जातं; ते करायचं कसं, हे शिकायचं असेल तर हा प्रसंग दोनदा वाचावा.

राजा व्हेरेन्सच्या भुताचे नियम तर हिशेबाच्या वहीइतके चोख आहेत. भूत मेलं त्या वास्तूला बांधलेलं असतं, किल्ल्याबाहेर पडता येत नाही. वस्तू हलवता येतात, पण त्यासाठी मन एकवटावं लागतं आणि सराव लागतो. तो सराव राजा ग्रीबोवर करतो, आणि बोक्याला कोंडून ठेवल्यामुळे नॅनी त्याच्या शोधात किल्ल्यात येते, म्हणजे एका नियमातून थेट कथानक पुढे सरकतं. मग नॅनी नियमातली पळवाट शोधते: भूत किल्ल्याला बांधलेलं असेल तर किल्ल्याचा एक दगड बरोबर न्यायचा. दगड निघतो, राजा निघतो, आणि त्याच नियमाने किल्ल्यातली बाकीची भुतंही नॅनीच्या घरी मुक्कामाला येतात. नियम मांडला, वाकवला, आणि वाकवल्याची किंमत वसूल केली. असे तीन टप्पे पूर्ण करणारी विनोदी कादंबरी क्वचित सापडते. बहुतेक जण दुसऱ्या टप्प्यावर थांबतात.

पिशाच्च बोलावण्याचा प्रसंगही याच जातीचा. मॅग्रॅटच्या मते तलवार, धूपपात्र, मंतरलेली वर्तुळं असा सरंजाम हवा. ग्रॅनी नॅनीच्या कपडे धुण्याच्या खोलीत पाणी तापवायच्या हंड्याशी उभी राहते आणि कपडे ढवळायचं लाकूड, घासायचा झिजका ब्रश, कपडे घासायची फळी यांनाच ती पदं बहाल करते. पिशाच्च येतं, तीन प्रश्नांचा करार पाळतं. अवजाराला अर्थ देणारं मन पक्कं असेल तर अवजार कोणतंही चालतं, ही ग्रॅनीची भूमिका इथे सिद्ध होते. मॅग्रॅटची निराशाही तितकीच खरी वाटते.

सर्वांत मोठा चमत्कार मात्र काळाचा. राजपुत्र तान्हा आहे, तो मोठा होईपर्यंत थांबलं तर ड्यूक राज्याची वाट लावणार. म्हणून ग्रॅनी अख्खं लँकर पंधरा वर्षं पुढे सरकवते. बाहेरच्या जगात १५ वर्षं जातात, राज्यात एक रात्र. हे व्हायला झाडूवर बसून कोंबडा आरवायच्या आत राज्याची पूर्ण फेरी मारावी लागते, आणि झाडूची शक्ती मर्यादित. ग्रॅनीचा झाडू तर मुळातच कुरकुरणारा, धावत ढकलल्याशिवाय सुरू न होणारा. हवेतल्या हवेत दुसरीच्या झाडूची शक्ती घेण्याची वेळ येते, ती पानं पुस्तकातली सर्वांत वेगवान. गणितही पक्कं बसतं: नाटकमंडळीत वाढलेला राजपुत्र, म्हणजे टॉमजॉन, तरुण नट होतो, आणि मॅग्रॅट व तिच्यावर जीव जडलेला दरबारचा विदूषक मात्र होते त्याच वयाचे राहतात. पुढे काही वयांचा मेळ लागत नाही असं वाटलं तर हे पंधरा वर्षांचं अंतर आठवावं, सगळं सुटतं.

बाळाला निरोप देताना तिघींनी दिलेली तीन वरदानं हाही शक्तींच्या मांडणीचा उत्तम नमुना आहे. सौंदर्य, शौर्य, संपत्ती यांतलं काहीच नाही. एकीचं वरदान मैत्री सहज जुळण्याचं, दुसरीचं पक्क्या स्मरणशक्तीचं आणि तिसरीचं तो स्वतःला जो समजेल तो होण्याचं. तीनही एकत्र केली की काय तयार होतं? राजा होईल असं चेटकिणींना वाटतं. वाचकाने पुढे आपण ओळखावं.

शेक्सपियरबद्दल आता बोलायला हवं, कारण अर्ध्या गमती तिथून येतात. कथेचा सांगाडा 'मॅकबेथ'चा आहे. खून झालेल्या बापाचं भूत आणि नाटकातलं नाटक हे दोन भाग 'हॅम्लेट'मधून आलेत. पूर्ण नाटकं वाचायची गरज नाही. 'मॅकबेथ'मधले सहा प्रवेश पुरतात: पहिल्या अंकातला पहिला आणि तिसरा, दुसऱ्या अंकातले पहिले दोन, चौथ्यातला पहिला आणि पाचव्यातला पहिला. 'हॅम्लेट'मधून पहिल्या अंकातला पाचवा आणि तिसऱ्यातला दुसरा. सगळं मिळून एका संध्याकाळचं वाचन. दुसऱ्या अंकातला हवेत तरंगणारा खंजीर आधी माहीत असला तर ड्यूकला समोर खंजीर दिसतो आणि विदूषक अदबीने तो आपला हातरुमाल असल्याचं सांगतो, तिथे हसू आवरत नाही. पाचव्या अंकातली हात धूत फिरणारी राणी माहीत असली तर फेल्मेटचं हात घासणं नुसतं विचित्र न वाटता भयंकर वाटू लागतं. ब्रश पुरेना म्हणून पॉलिश पेपर, तोही पुरेना म्हणून कानस. प्रत्येक वेळी वाक्य सहज टाकलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. चौथ्या अंकातली कढई आठवत असेल तर मॅग्रॅटची कढई आणखी रंगते. तिला बेडूक-सरडे टाकणं क्रूर वाटतं, म्हणून ती त्यांच्या जागी धान्य आणि डाळ घालते.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे एक हुशार विडंबन ठरलं असतं. प्रॅचेट यांनी त्याच्या पलीकडचा प्रश्न विचारला आहे: नाटकात दिसणाऱ्या चेटकिणी अशा कुणी केल्या, आणि का?

इतिहास इथे उपयोगी पडतो. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडचा राजा होता. नाटकात मॅकबेथ ज्याचा खून करतो तो राजा डंकन झोपेत मारला गेला नव्हता, तो १०४० साली लढाईत पडला. शेक्सपियरने कथा घेतली ती होलिनशेडच्या १५७७ साली प्रथम छापलेल्या बखरीतून, आणि नाटक लिहिलं १६०६ च्या सुमारास, जेव्हा गादीवर जेम्स राजा होता. हा राजा स्वतःला बँकोचा, म्हणजे नाटकातल्या मॅकबेथच्या साथीदार सरदाराचा, वंशज समजायचा. १५९० मध्ये सुरू झालेल्या नॉर्थ बर्विकच्या चेटूक खटल्यांत त्याने जातीने लक्ष घातलं होतं, आणि १५९७ साली चेटूकविद्येवर एक ग्रंथही लिहिला होता. अशा राजाच्या काळात बँको थोर ठरतो, मॅकबेथ खुनी ठरतो आणि चेटकिणी दाढीवाल्या, विषारी, नासधूस करणाऱ्या ठरतात. चारशे वर्षांनंतर लोकांना आठवतं ते नाटक. खरा राजा इतिहासाच्या पुस्तकात पडून राहतो.

'विअर्ड सिस्टर्स'मधला ड्यूक हेच करायला निघतो. चेटकिणींना शस्त्रांनी हरवता येत नाही हे कळल्यावर विदूषक त्याला शब्दांची ताकद समजावतो. मग आधी अफवा सुटतात, आणि शेवटी पैसे देऊन एक नाटक लिहून घ्यायचं ठरतं, ज्यात ड्यूक सज्जन असेल आणि चेटकिणी राक्षसिणी. ज्या मंडळीला हे काम मिळतं तिच्यातच टॉमजॉन वाढला आहे. कंपनीचा नाटककार ह्वेल हा बुटका; विश्वात भटकणाऱ्या कल्पना त्याच्या डोक्यावर झोपेतही आदळत असतात. पैशाची निकड असते, कारण शहरात डिस्क नावाचं नवं नाट्यगृह बांधायचं आहे. ह्वेल प्रामाणिक लेखक आहे, नाटक जमत नाही म्हणून तळमळतो, आणि तरीही लिहितो. लिहून घेणाऱ्याच्या तालावर लिहिताना लेखकाच्या हाताला काय होतं, याचं इतकं नेमकं चित्रण विनोदी कादंबरीत अपेक्षित नसतं.

म्हणून या पुस्तकातली सर्वांत मोठी शक्ती चेटकिणींकडे नाही, शब्दांकडे आहे, आणि ग्रॅनीला ते पहिल्यांदा नाटक पाहताना कळतं. ती नाटक खरं समजून मध्येच ओरडते. रंगमंचावरच्या माणसाला आपण उघड्या डोळ्यांनी खून करताना पाहिलंय, तोच खुनी इथे उभा आहे, असं सांगते. आजूबाजूचे लोक तिला गप्प करतात. वाचक हसतो, पण ग्रॅनी घाबरलेली असते: आपल्यापेक्षा मोठी हेडॉलॉजी तिने नुकतीच पाहिली आहे. शेवटच्या नाट्यप्रयोगात तिन्ही चेटकिणी आपलंच विकृत रूप मंचावर बघतात, तो दीर्घ प्रसंग पुस्तकाचा कळस. तिथे काय घडतं ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवायची. लँकरचं राज्य स्वतः एक जीव आहे, त्याला मन आहे, अशी कल्पना मध्यावर येते. रात्री जंगलातले प्राणी ग्रॅनीच्या झोपडीभोवती जमतात, शिकार आणि शिकारी शेजारी शेजारी, आणि तिला हळूहळू कळतं की तक्रार घेऊन खुद्द जमीन आली आहे. राजा चांगला की वाईट याच्याशी जमिनीला घेणंदेणं नाही. आधीचा राजाही काही संत नव्हता. पण त्याला हे राज्य आपलं वाटायचं, आणि फेल्मेटला त्याचा तिटकारा आहे, त्याला झाडंसुद्धा डोळ्यांसमोर नकोत. राज्यकर्त्याकडून मातीची किमान अपेक्षा काय असते, हे दहा पानांत यापेक्षा स्वच्छ मांडलेलं सापडणं अवघड.

आता जिथे पुस्तक डगमगतं ते. अंख-मॉरपोर्कमधली पानं लांबली आहेत. टॉमजॉन एका बदनाम गुत्त्यातली मारामारी निव्वळ बोलून शांत करतो तो प्रसंग त्याच्या वरदानासाठी आवश्यक आहे, पण त्याच्या आगेमागे शहराची जी सैर घडते ती मालिकेच्या जुन्या वाचकांसाठी आहे. नव्या वाचकाला तिथे तिघी चेटकिणींची आठवण येत राहते, आणि ते बरोबरच आहे. ह्वेलच्या डोक्यात शिरणाऱ्या कल्पनांमध्ये लॉरेल-हार्डी, चॅप्लिन आणि मार्क्स बंधूंच्या जुन्या विनोदांचे तुकडे आहेत. ते ओळखीचे नसतील तर ती पानं कोरडी जातात. तिथे रेंगाळू नये, कथानकाचं काही निसटत नाही.

फेल्मेटची बायको खलनायिका म्हणून एकाच सुरात राहते. ड्यूकच्या वेडेपणाला जितके पदर आहेत तितके तिच्या क्रौर्याला नाहीत. शेवटाकडे तिला एक फार जबरदस्त प्रसंग मिळतो, ग्रॅनी तिला तिचं खरं रूप दाखवते आणि तिच्यावर त्याचा अपेक्षित परिणाम होत नाही, पण तोवर उशीर झालेला असतो. मॅग्रॅटच्या चेष्टेचं प्रमाणही जास्त आहे. केस, कपडे, अंगकाठी यांवर तेच तेच विनोद येतात. पुढच्या पुस्तकांत लेखकाने हे सुधारलं आणि १९९२ च्या 'लॉर्ड्स अँड लेडीज'मध्ये तिला तिचा हक्काचा पराक्रम दिला. शेवटचा उलगडाही वंशावळीच्या एका योगायोगावर टेकलेला आहे. तो अर्थाच्या दृष्टीने योग्य आहे, पण त्याची पूर्वतयारी अजून ठळक करता आली असती. दुसऱ्यांदा वाचताना खुणा दिसतात, पहिल्यांदा धक्का थोडा अधांतरी वाटतो.

वाचण्याच्या सोयीचं बोलू. पुस्तकात प्रकरणं नाहीत. तीनशेहून थोडी जास्त पानं सलग आहेत, फक्त प्रसंग बदलला की एक ओळ मोकळी. रोज थोडं वाचणाऱ्यांची यामुळे गैरसोय होते आणि कुठेही मध्येच सोडलं तर धागा तुटतो. थांबायला सोयीच्या जागा अशा: बाळ नाटकमंडळीकडे जातं तिथे पहिली; पिशाच्चाचा प्रसंग संपतो तिथे दुसरी; नॅनीची तळघरातून सुटका होते तिथे तिसरी; काळाची उडी पूर्ण होते तिथे चौथी. त्यापुढचं शक्यतो दोन बैठकांत संपवावं, आणि शेवटचा नाट्यप्रयोग तर मुळीच तोडू नये. तिथे खरे लोक, नट, भूत आणि खुद्द मृत्यू एकाच मंचावर असतात. खंड पडला की कोण कुणाच्या वेशात आहे याचा गोंधळ होतो.

तळटीपा हा या लेखकाचा खास प्रांत. त्यांतले विनोद वाक्याच्या लयीला जोडलेले असतात. डोळा खाली जाऊन लगेच वर आला तरच ते जमतात. छापील पुस्तकात हे सहज होतं. ई-पुस्तकाच्या काही आवृत्त्यांत तळटीपा शेवटी गोळा केलेल्या असतात, जाऊन परत येईपर्यंत लय मोडते. ई-रीडरवर चिन्हाला स्पर्श केल्यावर टीप त्याच पानावर छोट्या चौकटीत उघडते का, हे नमुन्याची पानं उतरवून आधी तपासावं. उघडत नसेल तर छापील प्रतच घ्यावी.

इंग्रजी फार अवघड नाही, वाक्यं लहान आहेत. अडचण येते ती नॅनीच्या बोलीत आणि मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगमध्ये. अशी वाक्यं मोठ्याने वाचली की अर्थ लागतो, शब्दकोशात ती सापडणार नाहीत. ज्यांना ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी दोन चांगले पर्याय आहेत. जुनं पूर्ण वाचन सीलिया इम्री यांचं, ऊबदार आणि संथ. २०२२ पासून आलेल्या नव्या ध्वनिमुद्रणांत चेटकिणींची पुस्तकं इंदिरा वर्मा वाचतात, मृत्यू या पात्राचे संवाद पीटर सेराफिनोविच बोलतात आणि तळटीपा बिल नाय वेगळ्या आवाजात वाचतात. तळटीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कानाला लगेच कळतं, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी नवी आवृत्ती निवडावी. फक्त ऐकण्यावर अवलंबून राहिलं तर स्पेलिंगचे विनोद हुकतात, तेवढा तोटा मान्य करावा लागतो.

१९९७ साली कॉसग्रोव्ह हॉलने केलेली ॲनिमेशन मालिकाही आहे. चित्रांकन आज जुनाट दिसतं, पण मृत्यूला क्रिस्टोफर ली यांचा आवाज आहे आणि कथानक मूळ पुस्तकाशी इमानदार आहे. पुस्तकानंतर पाहावी, आधी पाहिली तर शेवटचा उलगडा हातचा जाईल. हौशी नाट्यमंडळांना रस असेल तर स्टीफन ब्रिग्ज यांचं नाट्यरूपांतर छापील मिळतं. नाटकाविषयीच्या कादंबरीचं नाटक रंगमंचावर विशेष खुलतं, मात्र काळाची उडी आणि झाडूंची शर्यत संवादांतूनच सांगावी लागते.

आवडलं तर पुढे काय वाचायचं? थेट १९९१ ची 'विचेस अब्रॉड' घ्यावी. तिथे तिघी परदेशी जातात, परीकथांचे शेवट लोकांवर लादणाऱ्या एका शक्तीशी भिडतात, आणि ग्रॅनीचं पात्र इथल्यापेक्षा खोल होतं. तिच्या शेवटाला जोडूनच 'लॉर्ड्स अँड लेडीज' सुरू होते, म्हणून या दोन्हींचा क्रम बदलू नये. मग १९९५ ची 'मास्करेड' आणि १९९८ ची 'कार्पे जुग्युलम'. 'इक्वल राइट्स' मागून वाचलेली बरी. तीत ग्रॅनी आहे, पण लेखकाला ती अजून पूर्ण सापडलेली नाही, आणि तिच्यापासून सुरुवात केलेले वाचक या मालिकेबद्दल चुकीचा अंदाज बांधतात.

घरात दहा-अकरा वर्षांचा वाचक असेल तर वाट वेगळी. त्याच्यासाठी २००३ ची 'द वी फ्री मेन'. टिफनी एकिंग ही नऊ वर्षांची मुलगी, तिच्या हातात तळणीचा तवा आणि मदतीला वीतभर उंचीची निळी, भांडखोर माणसं. या पुस्तकात प्रकरणं आहेत, शेक्सपियरची पूर्वतयारी लागत नाही आणि टिफनीच्या शक्तीचा पाया म्हणजे समोर खरोखर काय आहे ते बघणं आणि आपल्याच विचारांवर पुन्हा विचार करणं. निळ्या माणसांची स्कॉटिश ढंगाची बोली मुलांना एकट्याने वाचायला जड जाते. पहिली दोन प्रकरणं मोठ्या माणसाने वाचून दाखवावीत किंवा ध्वनिमुद्रण लावून पुस्तक समोर ठेवावं. तेवढ्यात बोलीची सवय होते आणि पुढचं मूल स्वतः वाचतं.